कोष्टक, लिपी आणि जतन : जव्हार-मोखाड्यातील एका शब्दसंग्रहाच्या निमित्ताने

१. प्रास्ताविक

पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांत वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी इत्यादी समाजांच्या बोली एकमेकींच्या शेजारी नांदतात. या बोलींचा शब्दसंग्रह करीत असता प्रस्तुत लेखकाच्या हातून जो प्रमाद घडला, त्यातून या लेखाचा जन्म झाला आहे. प्रमाद वरवर पाहता क्षुल्लक होता. त्याची कारणे शोधू लागल्यावर मात्र तक्त्याचा, लिपीचा आणि जतनाचा बराच मोठा इतिहास त्यामागे उभा असल्याचे ध्यानात आले. तो इतिहास मराठी अभ्यासकांपुढे मांडावा, आणि त्याच्या आधारे अशा प्रसंगी निदान कसे करावे हेही सांगावे, असा येथे हेतू आहे.

प्रसंग असा. मोखाडा तालुक्यातील एका पाड्यावर एक वृद्ध धवलेरी राहत असत. धवलेरी म्हणजे वारली लग्नात विधीची गाणी म्हणणारी व लग्न लावणारी स्त्री. या आजीबाईंनी दोन दिवस आपल्या गाण्यांतील जुन्या शब्दांचे अर्थ समजावून सांगितले. परंतु विधीचे शब्द यंत्रात भरू देण्यास त्यांनी नकार दिला. त्यांचा मान राखून ध्वनिमुद्रण केले नाही. वहीत केवळ शब्द टिपले, आणि त्यांचे अर्थ, प्रसंग व उच्चाराचे बारकावे रात्री मुक्कामी आल्यावर आठवणीतून संगणकावरील स्प्रेडशीटमध्ये भरले. प्रत्येक पाड्यासाठी त्या फाइलमध्ये एक स्वतंत्र पत्रक होते. 'ऑटोसेव्ह' चालू आहे अशा समजुतीने फाइल वेगळी जतन केली नाही. दुसऱ्या रात्री एका सहकाऱ्यास पहिले पत्रक पाठवावयाचे म्हणून ते 'सीएसव्ही' या साच्यात निर्यात केले, आणि त्याच खिडकीत पुढील तीन तास काम चालू ठेवले. काम संपल्यावर जतन केले, यंत्राने विचारलेल्या प्रश्नास होकार दिला, आणि फाइल बंद केली.

सकाळी मूळ फाइल उघडली तेव्हा ती दोन दिवसांपूर्वीच्या स्थितीत होती. नवीन फाइलमध्ये एकच पत्रक होते, आणि देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हांच्या रांगा उभ्या होत्या. अनुक्रमांक '००१७' होता तेथे '१७' उरला होता. 'पहिली यादी, दुसरा शब्द' या अर्थी लिहिलेल्या '१-२' या खुणेची एक तारीख झाली होती. वहीतील शब्द तेवढे वाचले. त्यांचे अर्थ गेले. पावसाळ्यानंतर पुन्हा त्या पाड्यावर गेलो, तेव्हा आजीबाई हयात नव्हत्या. दुसऱ्या पाड्यावरील धवलेरीने त्यांतील काही शब्दांचे अर्थ सांगितले, पण ते तिचे अर्थ होते, पहिलीचे नव्हेत.

२. तक्त्याची पूर्वपीठिका

तक्ता ही संगणकाने आणलेली वस्तू नव्हे. 'तक्ता' हा शब्दच फार्सी असून त्याचा मूळ अर्थ फळी असा आहे. 'जमा' आणि 'खर्च' हे शब्दही अरबी-फार्सीच्या वाटेने मराठीत आले व मराठी दप्तरात कायमचे स्थिरावले. दप्तराच्या व्यवहारात रोजच्या घडामोडी प्रथम रोजकीर्दीत कालक्रमाने लिहीत, आणि मग त्या खात्यांनुसार खतावणीत चढवीत. आजच्या भाषेत बोलावयाचे तर ही एका साच्यातून दुसऱ्या साच्यात केलेली निर्यातच होय. परंतु त्या निर्यातीत दोन गोष्टी गृहीत होत्या. एक, खतावणी झाली म्हणून कोणी रोजकीर्द फाडून टाकीत नसे. दोन, चढविणारा कारकून मजकूर समजून चढवीत असे.

दुसऱ्या गोष्टीचे महत्त्व मोडी लिपीच्या उदाहरणाने स्पष्ट होते. मोडीत आधी आडवी शिरोरेघ ओढून तिच्याखाली अक्षरे लिहीत. दोन शब्दांमध्ये अंतर सोडण्याची चाल नव्हती. ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकारांचा भेदही बहुधा पाळला जात नसे. असे असूनही मोडी कागद वाचता येतो, कारण शब्द कोठे तुटतो हे वाचणाऱ्याच्या भाषाज्ञानाने ठरते. यंत्राची स्थिती याच्या नेमकी उलट आहे. त्यास विभाजकचिन्ह स्पष्ट दिसावे लागते; अर्थाचे ज्ञान त्याच्यापाशी नसते.

भाषाशास्त्रातही तक्ता जुनाच आहे. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषांच्या पाहणीचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. त्या पाहणीसाठी २४१ शब्द व वाक्यांची एक प्रमाण यादी ठरविली होती. प्रत्येक पदास क्रमांक होता, आणि क्रमांकापुढे निरनिराळ्या बोलींचे रकाने होते. पुढे डॉ. अ. मा. घाटगे यांनी मराठी बोलींच्या पाहणीची जी माला सिद्ध केली, तिच्यात ठाणे जिल्ह्यातील वारलीवरही एक ग्रंथ आहे. क्रमांक हरवला की शब्द तुलनेतून निखळतो, ही गोष्ट या परंपरेत वाढलेल्या अभ्यासकास वेगळी सांगावयास नको.

प्रदेशाचा इतिहासही येथे आठवावा. जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान होते, तर मोखाड्याचा मुलूख ब्रिटिश अमलाखालील ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यात मोडत असे. १९४८ साली जव्हार संस्थान मुंबई प्रांतात विलीन होऊन ठाणे जिल्ह्याचा भाग बनले, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. त्यामुळे २०११ च्या जनगणनेच्या तक्त्यांत हे दोन्ही तालुके ठाण्याखाली सापडतात व नंतरच्या तक्त्यांत पालघरखाली. दोन काळांच्या याद्या एकत्र करताना 'जिल्हा' या रकान्यावर विसंबून राहिल्यास गावे गळतात. दोष कोणत्याही एका तक्त्यात नसतो. दोन तक्त्यांच्या सांध्यात असतो. निर्यातीचे बहुतेक दोष याच जातीचे आहेत.

३. यंत्रातील तक्ता

संगणकावरील स्प्रेडशीटचा इतिहास १९७९ पासून धरण्याची रीत आहे. त्या वर्षी डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांची 'व्हिसिकॅल्क' ही प्रणाली ॲपल-२ या संगणकासाठी विक्रीस आली. तिच्यात २५४ ओळी आणि ६३ रकाने होते. १९८३ साली 'लोटस १-२-३' आली. १९८५ साली मॅकिंटॉशवर आणि १९८७ साली विंडोजवर 'एक्सेल' आली. प्रत्येक प्रणालीचा जतनाचा साचा वेगळा होता, आणि एकीची फाइल दुसरीस समजेलच याची शाश्वती नव्हती.

या काळातील एक चूक आजही आपल्या फाइलींत जिवंत आहे. लोटसने १९०० हे वर्ष प्लुत धरले होते. वस्तुतः ते प्लुत नाही. लोटसच्या फाइली एक्सेलमध्ये जशाच्या तशा चालाव्यात म्हणून एक्सेलने ती चूक जाणूनबुजून स्वीकारली. मॅकिंटॉशवरील एक्सेलने दिवसांची मोजणी १९०४ पासून सुरू केली. परिणामी दोन्ही पद्धतींत १,४६२ दिवसांचे अंतर पडते. एका फाइलमधील तारखा दुसरीत चिकटविल्यावर चार वर्षे आणि एक दिवस पुढेमागे झालेल्या दिसल्या, तर कारण येथे शोधावे.

एक्सेलचा दीर्घकाळ वापरात असलेला साचा 'एक्सएलएस' या नावाने ओळखला जातो. १९९७ च्या आवृत्तीपासून त्यात ६५,५३६ ओळी व २५६ रकाने मावत. २००७ च्या आवृत्तीबरोबर 'एक्सएलएसएक्स' हा नवा साचा आला. त्यात १०,४८,५७६ ओळी व १६,३८४ रकाने मावतात. तत्पूर्वी डिसेंबर २००६ मध्ये 'एक्मा' या संस्थेने या साच्यास मानकाचा दर्जा दिला होता. मुक्त प्रणालींचा 'ओडीएफ' हा साचा त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय मानक झाला. दोन्ही नव्या साच्यांचे स्वरूप एकाच जातीचे आहे : आत अनेक लहान मजकूरफाइली असतात व त्या एका गठ्ठ्यात आवळलेल्या असतात. मराठी दप्तरात कागद रुमालात बांधून ठेवीत, त्याची येथे आठवण होते.

याहून जुना आणि साधा साचा म्हणजे स्वल्पविरामांनी विभागलेल्या मूल्यांचा, अर्थात सीएसव्ही. तो १९७० च्या दशकापासून निरनिराळ्या रूपांत वापरात आहे. परंतु त्याचे नियम सांगणारी 'आरएफसी ४१८०' ही टिपणी ऑक्टोबर २००५ मध्ये निघाली. तीही रूढ चालीची नोंद करणारी आहे, बंधनकारक मानक नव्हे. सीएसव्हीत एकच पत्रक असते. सूत्रे, रंग, टिपा, रकान्यांची रुंदी, फॉन्टचे नाव यांपैकी काहीही त्यात राहत नाही. 'मु. पो. खोडाळा, ता. मोखाडा, जि. पालघर' हा पत्ता अवतरणचिन्हांत बांधला नसेल, तर वाचणारे यंत्र त्याचे तीन रकाने करते आणि पुढील सर्व मूल्ये दोन घरे सरकतात. अधिक महत्त्वाचे असे की, आपण कोणत्या संकेतनात लिहिले गेलो आहोत हे सीएसव्ही फाइल स्वतः सांगत नाही. इंग्रजी मजकुरात ही उणीव क्वचितच जाणवते. मराठीत ती पहिल्याच ओळीत जाणवते.

४. लिपीचा प्रश्न

संगणकात देवनागरी आणण्याचे प्रयत्न भारतात १९८० च्या दशकात वेगाने झाले. कानपूरच्या आयआयटीत आरंभलेले काम पुढे पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने चालविले. भारतीय लिप्यांचे 'इस्की' हे संकेतन १९९१ साली भारतीय मानक झाले. युनिकोडची पहिली आवृत्तीही १९९१ चीच; तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या रूपावर आधारलेली आहे. म्हणजे शास्त्रशुद्ध मार्ग त्याच वेळी उपलब्ध होता. परंतु कचेऱ्या, छापखाने आणि टंकलेखनाची दुकाने यांत पुढील पंधरा-वीस वर्षे वेगळीच पद्धत चालली. त्या पद्धतीत रोमन अक्षरांच्याच जागांवर देवनागरी आकृत्या बसविलेले फॉन्ट असत. पडद्यावर मराठी दिसे. फाइलमध्ये रोमन अक्षरे साठविली जात.

अशी फाइल सीएसव्हीत निर्यात केली की काय होते, हे आता उघड आहे. सीएसव्ही फॉन्टचे नाव नेत नाही; म्हणून देवनागरीचा मुखवटा गळून पडतो आणि रोमन अक्षरांचा निरर्थक ढीग उरतो. मजकूर नष्ट झालेला नसतो. योग्य फॉन्टचे नाव कळले तर तो पुन्हा वाचता येतो, आणि परिवर्तक वापरून युनिकोडमध्ये आणता येतो. त्यात एक भाषिक गंमत आहे. त्या फॉन्टांत ऱ्हस्व इकाराची वेलांटी व्यंजनाच्या आधी साठविली जाते, कारण ती डोळ्यांना आधी दिसते. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठविली जाते, कारण ती नंतर उच्चारली जाते. एक पद्धत लेखनाची, दुसरी उच्चाराची. परिवर्तकाने हा क्रम नीट बदलला नाही, तर वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते.

युनिकोडमधील मजकूर साठविण्याची आज सर्वत्र रूढ झालेली रीत म्हणजे यूटीएफ-८. ती केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली आखली. तिच्यात प्रत्येक देवनागरी चिन्हास तीन बाइट लागतात. 'जव्हार' या शब्दात ज, व, हलन्ताची खूण, ह, काना आणि र अशी सहा चिन्हे आहेत. म्हणून तो अठरा बाइटांत बसतो. आता या शब्दाच्या बाबतीत दोन निरनिराळे अपघात घडू शकतात, आणि त्यांतील भेद ओळखणे हा या लेखाचा मुख्य मुद्दा आहे.

पहिला अपघात वाचनाचा. फाइल यूटीएफ-८ मध्ये अचूक लिहिलेली आहे, पण उघडणारी प्रणाली ती पश्चिम युरोपीय संकेतनात आहे असे समजते. मग प्रत्येक बाइट स्वतंत्र अक्षर मानला जातो, आणि माथ्यावर तिरपी रेघ असलेला रोमन 'ए' व त्यामागून चलनाचे एक गोल चिन्ह, अशी जोडी ओळीभर पुन्हा पुन्हा दिसू लागते. हे दृश्य भयंकर असले तरी फाइलमधील अक्षरे सुरक्षित असतात. वाचणाऱ्याने चुकीची लिपी समजून वाचले, एवढेच.

दुसरा अपघात लेखनाचा. प्रणाली फाइल लिहितानाच तिला जुन्या प्रादेशिक संकेतनात उतरवते. त्या संकेतनात देवनागरीस जागाच नसल्याने प्रत्येक चिन्हाऐवजी एक प्रश्नचिन्ह लिहिले जाते. 'जव्हार' ची सहा प्रश्नचिन्हे होतात. 'मोखाडा' आणि 'खोडाळा' यांचीही सहाच. तिन्ही गावे आता एकमेकांपासून वेगळी ओळखता येत नाहीत, आणि जगातील कोणताही परिवर्तक ती परत आणू शकत नाही. पहिला प्रकार मोडी न येणाऱ्याच्या हाती मोडी कागद पडण्यासारखा आहे. दुसरा कागदास वाळवी लागण्यासारखा. प्रस्तुत लेखकाच्या फाइलवर आलेला प्रसंग दुसऱ्या प्रकारचा होता.

युनिकोड आल्याने सर्व प्रश्न संपले असेही नव्हे. मोखाडा तालुक्यात मोऱ्हांडा नावाचे गाव आहे. त्यातील 'ऱ्ह' हे जोडाक्षर दोन रीतींनी लिहिता येते : एकीत 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर हलन्त करून, दुसरीत साध्या 'र' ला हलन्ताची खूण आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात. शोध घेणाऱ्या यंत्रास ती दोन वेगळी गावे वाटतात. निर्यातीत ते अदृश्य चिन्ह कोणी 'निरुपयोगी' म्हणून गाळले, तर 'मोर्हांडा' असे रफार डोक्यावर घेतलेले, मराठीस अपरिचित रूप उरते. बोलींच्या याद्यांत दन्त्य 'च' आणि तालव्य 'च' यांचा भेद दाखविण्यासाठी अक्षराखाली नुक्ता देण्याची पद्धत आहे. तिलाही हाच धोका असतो. खुद्द मोडी लिपीस युनिकोडमध्ये स्थान मिळाले ते जून २०१४ मध्ये, म्हणजे पालघर जिल्ह्याच्या जन्माच्या अवघ्या काही आठवड्यांपूर्वी.

५. मूल्यांचे अनाहूत रूपांतर

स्प्रेडशीट ही हिशेबासाठी जन्मली. म्हणून समोर येणारे प्रत्येक मूल्य संख्या किंवा तारीख आहे काय, हे ती प्रथम पाहते. महाराष्ट्रातील वाचकास याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे सातबारा. गाव नमुना ७ व १२ यांवरून पडलेले '७/१२' हे नाव एखाद्या घरात लिहिले, की भारतीय मांडणीत त्याची ७ डिसेंबर आणि अमेरिकी मांडणीत १२ जुलै होते. आत साठविली जाते ती केवळ एक संख्या : २०२४ साली लिहिले असल्यास भारतीय मांडणीत ४५,६३३. हाच न्याय '१२/३' अशा गट-हिश्श्याच्या क्रमांकासही लागू होतो. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील दाव्यांवर ज्यांच्या जमिनीचा भरवसा आहे, अशा जव्हार-मोखाड्यातील कुटुंबांच्या यादीत हिश्श्याच्या क्रमांकाची तारीख होणे ही केवळ टंकदोषाची बाब राहत नाही.

दीर्घ संख्यांची गतही अशीच. बारा किंवा अधिक अंकांची संख्या साध्या घरात लिहिली की एक्सेल ती दशमान घाताच्या संक्षिप्त रूपात दाखविते. आणि सीएसव्हीत निर्यात होते ते घरात दिसणारे रूप, आतील मूल्य नव्हे. फाइल बंद करून पुन्हा उघडली की शेवटचे अंक गेलेले असतात. पंधरा अंकांपलीकडील प्रत्येक अंक तर लिहिताक्षणीच शून्य होतो. बँकेच्या खात्याचा क्रमांक, शिधापत्रिकेचा क्रमांक, आधारचा क्रमांक हे वस्तुतः संख्या नव्हेत. ती अंकांत लिहिलेली नावे होत. त्यांची बेरीज कोणी करीत नाही. ही गोष्ट यंत्रास आधी सांगावी लागते, म्हणजे तो रकाना 'मजकूर' म्हणून घोषित करावा लागतो.

या दोषाने शास्त्रज्ञांसही सोडलेले नाही. जनुकांच्या नावांच्या तारखा होतात हे २००४ साली एका शोधनिबंधात दाखवून देण्यात आले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, एक्सेलमधील जनुकयाद्या जोडलेल्या निबंधांपैकी सुमारे एक-पंचमांश निबंधांत असे दोष आढळले. अखेरीस २०२० साली मानवी जनुकांच्या नामकरण समितीने नावेच बदलली : 'मार्च-१' चे 'मार्च-एफ-१' झाले आणि 'सेप्ट-१' चे 'सेप्टिन-१'. तक्त्याने नावांस वळण लावले, असे हे दुर्मिळ उदाहरण होय. हे आपोआप होणारे रूपांतर बंद करण्याची सोय एक्सेलमध्ये २०२३ साली आली.

साच्याच्या मर्यादेने किती अनर्थ होऊ शकतो, हे इंग्लंडमध्ये दिसून आले. तेथील सार्वजनिक आरोग्य खात्याकडे प्रयोगशाळांकडून कोविडच्या चाचण्यांचे निकाल सीएसव्ही फाइलींत येत व पुढे ते एक्सएलएस या जुन्या साच्यात भरले जात. एकेका रुग्णाची माहिती अनेक ओळी व्यापीत असे. ६५,५३६ ओळींची मर्यादा संपल्यावर उरलेल्या नोंदी गळू लागल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या काळातील १५,८४१ बाधितांची नावे गणनेतून सुटली. त्या लोकांना स्वतःचा निकाल कळला होता. परंतु त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध लांबणीवर पडला. फाइलने तक्रार केली नाही. ती भरली आणि थांबली.

६. स्वयंजतनाची भ्रांती

आता जतनाकडे वळू. 'आपोआप जतन' या एका शब्दप्रयोगाखाली दोन भिन्न व्यवस्था मोडतात, आणि त्यांची गल्लत हेच बहुतेक हानीचे कारण असते. पहिली व्यवस्था पुनःप्राप्तीची, म्हणजे 'ऑटोरिकव्हर'. ती ठरावीक कालाने, सामान्यतः दर दहा मिनिटांनी, बाजूस एक तात्पुरती प्रत ठेवते. वीज गेली किंवा प्रणाली कोसळली तर ती प्रत पुढे येते. परंतु आपण फाइल रीतसर जतन करून बंद केली की तिचे प्रयोजन संपले असे समजून ती काढून टाकली जाते. ही अपघातासाठीची सोय आहे, चुकीसाठीची नव्हे.

दुसरी व्यवस्था म्हणजे खरा 'ऑटोसेव्ह'. एक्सेलमध्ये तो २०१७ पासून वर्गणीच्या आवृत्तीत मिळू लागला. त्यासाठी फाइल दूरस्थ साठवणीत, म्हणजे वनड्राइव्ह किंवा शेअरपॉइंटवर असावी लागते, आणि साचाही नवा असावा लागतो. जुन्या एक्सएलएस साच्यात तो चालत नाही. फाइल स्वतःच्या यंत्रावर असेल, तर पडद्यावरील कळ दिसते, पण बंद असते. दरीखोऱ्यांतील ज्या पाड्यांवर मोबाइलला संदेशलहरी मिळणे हाच योग, तेथे दूरस्थ साठवणीवर विसंबणे म्हणजे पूल नसलेल्या नदीपलीकडे धान्य ठेवण्यासारखे आहे.

यावरून प्रास्ताविकात सांगितलेल्या प्रसंगाचा उलगडा होतो. फाइल यंत्रावर होती, म्हणून ऑटोसेव्ह बंद होता. 'या नावाने जतन करा' या आज्ञेने सीएसव्ही तयार केली, तेव्हा उघड्या खिडकीतील फाइल हीच सीएसव्ही बनली. मूळ फाइल दोन दिवसांपूर्वीच्या स्थितीत मागे राहिली. पुढील तीन तासांचे काम ज्या पत्रकांत झाले, ती सीएसव्हीत बसणारच नव्हती. यंत्राने विचारलेला प्रश्न नेमका हाच होता, आणि लेखकाने तो न वाचता होकार दिला. रीतसर जतन करून बंद केल्यामुळे पुनःप्राप्तीची प्रतही गेली. कोणतेही यंत्र बिघडले नव्हते. प्रत्येक भागाने त्यास सांगितलेले काम चोख केले होते.

७. निदानाचा क्रम

अशा प्रसंगी घाई हीच मोठी वैरी ठरते. बिघडलेली दिसणारी फाइल पुन्हा जतन करू नये. प्रथम तिची प्रत काढावी आणि प्रयोग प्रतीवर करावेत. स्प्रेडशीट अजून उघडी असेल तर ती बंद न करता तत्काळ नव्या नावाने एक्सएलएसएक्स किंवा ओडीएफ साच्यात जतन करावी. पत्रके स्मृतीत असेपर्यंत ती वाचू शकतात.

त्यानंतर सीएसव्हीची प्रत साध्या मजकूर-संपादकात उघडावी. तेथे देवनागरी नीट दिसली, तर दोष केवळ स्प्रेडशीटच्या वाचनात आहे. रोमन 'ए' व चलनचिन्हाची जोडी दिसली, तर संकेतन यूटीएफ-८ निवडून पुन्हा वाचावे. निरर्थक पण सलग रोमन अक्षरे दिसली, तर जुन्या फॉन्टचा शोध घ्यावा. खरोखरीची प्रश्नचिन्हे दिसली, तर त्या फाइलपाशी वेळ न दवडता मूळ फाइल, दूरस्थ साठवणीतील आधीची आवृत्ती, पाठविलेल्या टपालातील जोडपत्र आणि अखेरीस वही यांकडे वळावे.

सीएसव्ही फाइल दोनदा टिचकी मारून उघडू नये; 'मजकुरातून आयात' या मार्गाने आणावी, संकेतन सांगावे, आणि क्रमांकांचे व गट-हिश्श्यांचे रकाने मजकूर म्हणून घोषित करावेत. लिब्रेऑफिस ही मुक्त प्रणाली हे प्रश्न उघडतानाच विचारते, म्हणून मराठी मजकुरास ती सोयीची पडते. निर्यात करताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' हा स्वतंत्र पर्याय निवडावा. त्यात फाइलच्या आरंभी तीन बाइटांची एक खूण घातली जाते आणि तिच्यावरून एक्सेल संकेतन ओळखते. निर्यात हे दिवसाचे शेवटचे काम असावे, ते प्रतीवर करावे, आणि लगेच ती प्रत बंद करून मूळ फाइलकडे परतावे. आधी व नंतर ओळींची संख्या मोजावी आणि प्रश्नचिन्हांचा शोध घ्यावा. जुन्या कारकुनांचा ताळा याहून वेगळा नव्हता.

८. समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, फाइलचा साचा हे निर्विकार भांडे नव्हे. कोणती माहिती महत्त्वाची आणि कोणती टाकाऊ, याविषयीचे एक मत त्यात आधीच घडविलेले असते. सीएसव्हीच्या मते मूल्य महत्त्वाचे, टीप टाकाऊ. जुन्या संकेतनाच्या मते रोमन अक्षर खरे, देवनागरी अज्ञात. स्प्रेडशीटच्या मते सातबारा ही तारीख. ज्यांच्या भाषेचा विचार ही मते घडताना झाला होता, त्यांना त्यांचे अस्तित्व जाणवत नाही. ज्या बोलींस स्वतःची लिपी नाही, ज्यांचे शब्द एखाद्या धवलेरीच्या किंवा भगताच्या स्मरणातच आहेत, त्यांना ते पहिल्याच निर्यातीत जाणवते.

प्रस्तुत संग्रहात त्या दोन दिवसांचे शब्द आता अर्थाविना नोंदविले आहेत. अर्थाच्या रकान्यात दुसऱ्या धवलेरीने सांगितलेला अर्थ तिच्या पाड्याच्या निर्देशासह दिला असून, जेथे तोही मिळाला नाही तेथे रकाना रिकामा ठेवला आहे. अंदाजाने तो भरण्याचा मोह अनेकदा झाला. परंतु आजीबाईंनी शब्द यंत्रात भरू दिले नव्हते, ते विश्वासाने सांगितले होते; त्यांच्या नावावर आपला तर्क चढविणे ही प्रश्नचिन्हांहूनही वाईट हानी झाली असती. मोखाड्यातील पुढील कामासाठी आता दोन वह्या घेतल्या आहेत, आणि अर्थ त्याच ठिकाणी, सांगणाऱ्यासमोर बसून, शाईने लिहिण्याचा नियम केला आहे.